कव्हर ऐकताना आधी विचारा, बोलतंय कोण?

प्रश्न थोडक्यात असा: "सर, आमचा कॉलेजचा पाच जणांचा बँड आहे. युवा महोत्सवासाठी रॉक गाणी बसवतोय. आमच्यात रोज वाद होतो. एकजण म्हणतो कव्हर (दुसऱ्याचं गाणं आपण वाजवणं) म्हणजे नक्कल, मूळ गाण्याची सर कशाला येत नाही. दुसरा म्हणतो गिटारवाल्या जिमी हेंड्रिक्सनं गायक-गीतकार बॉब डिलनचं गाणं डिलनपेक्षा भारी केलं. तुलना करायची तर कशावर करायची? आणि आम्ही 'नॉकिन ऑन हेवन्स डोअर' घेतोय, त्यात हलगी घातली तर चालेल का?"

हलगीचं शेवटी सांगतो, कारण तुमच्या तिन्ही प्रश्नांत तोच मला सगळ्यांत जवळचा वाटला.

मी कोल्हापुरात तीसएक वर्षं गिटार वाजवतोय आणि शिकवतोय. त्यातली पहिली बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात गेली. ऑर्केस्ट्राचा नियम एकच होता: हुबेहूब. रेकॉर्डवर बासरी जिथे येते तिथेच यायची, आणि मुखड्याआधीचा तुकडा एका सुरानंही चुकला तर मागच्या रांगेतला प्रेक्षकसुद्धा ओळखायचा. त्या शिस्तीनं माझे कान तयार झाले, हे मी कधी विसरणार नाही. पण कव्हर ऐकायला मात्र ती शिस्त पुरत नाही. हुबेहूबच्या मापानं मोजलं तर प्रत्येक चांगलं कव्हर नापास होतं.

आपल्या मातीत या गोष्टीला एक सुंदर नाव आधीच मिळालेलं आहे. कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांची पदं गायला घेतली तेव्हा कार्यक्रमाचं नाव ठेवलं 'मला उमजलेले बालगंधर्व'. त्यातला 'मला उमजलेले' हा शब्द धरून ठेव. कुमारांनी बालगंधर्वांचा आवाज काढला नाही. पद तेच, चाल तीच, पण ती कुणाच्या तरी समजुतीतून गाळून आलेली. कव्हरची याहून नेमकी व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

फक्त एक फरक लक्षात ठेव. आपली बंदिश कुणा एकाच्या रेकॉर्डची नसते. अल्लादियाखाँसाहेबांकडून केसरबाई शिकल्या आणि मोगूबाईही शिकल्या. दोघींच्या गाण्यात 'मूळ' कुठलं असं कुणी विचारत नाही. रॉकमध्ये तसं नाही. तिथे पहिलं रेकॉर्डिंग हेच गाण्याचं शरीर असतं. गिटारचा विशिष्ट कर्कशपणा, ड्रमवरचा खोलीचा घुमारा, गायकाचा श्वास, हे सगळं रचनेइतकंच गाणं असतं. म्हणून रॉकचं कव्हर करणारा माणूस फक्त चाल उचलत नाही, तो एका घडलेल्या आवाजाशी सामना करतो. तुमच्यातला "मूळची सर येत नाही" म्हणणारा मुलगा हेच म्हणत असावा, आणि तेवढ्यापुरतं त्याचं बरोबर आहे.

आता हेंड्रिक्स. 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' असलेली डिलनची तबकडी डिसेंबर १९६७ मध्ये आली, आणि हेंड्रिक्सनं जानेवारी १९६८ मध्येच लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत त्या गाण्याला हात घातला. म्हणजे गाणं अजून लोकांच्या अंगवळणीही पडलेलं नव्हतं. डिलनचं गाणं अडीच मिनिटांचं: गिटार, माउथ ऑर्गन, बेस, ड्रम, बस्स. कॉर्ड (एकत्र छेडलेले सूर) तीन. ए मायनरच्या आकारात धरलंस तर ए मायनर, जी, एफ आणि परत जी, हेच चक्र सुरुवातीपासून शेवटापर्यंत. हेंड्रिक्सनंही चक्र तेच ठेवलं. चाल जवळपास तीच, शब्द तेच. मग बदललं काय?

पहिल्यांदा मी ही दोन्ही रेकॉर्डिंग लागोपाठ ऐकली ती मुंबईहून आणलेल्या कॅसेटवर, राजारामपुरीतल्या एका मित्राच्या माडीवर. तेव्हा मीही तुमच्या दुसऱ्या मित्रासारखाच म्हणालो होतो की डिलनचं फिकं आहे. बऱ्याच वर्षांनी कळलं की मी दोन वेगळ्या माणसांचं बोलणं ऐकत होतो. डिलनच्या गाण्यात विदूषक आणि चोर बोलतात, बुरुजावरून पहारा चालू असतो, दुरून दोन घोडेस्वार येत असतात. डिलन हे सांगतो बातमी सांगावी तसं, कोरड्या आवाजात. काय होणार हे त्याला माहीत आहे आणि तो घाई करत नाही. त्याचा गारठा त्या कोरडेपणातच आहे. हेंड्रिक्सच्या गाण्यातला माणूस सांगणारा नाहीच, तो त्या वाऱ्यात उभा आहे. म्हणून त्याला चार मिनिटं लागतात, म्हणून मधला सोलो एका सुरात न जाता चार वेगवेगळ्या रूपांत येतो: आधी सरळ एकेक सूर, मग तारांवर नळी घसरवत वाजवलेला स्लाइड, मग सूर 'वाँव-वाँव' बोलवणारं वाह-वाह पेडल, मग कॉर्डच्या तुकड्यांतला. प्रत्येक वेळी वारा दिशा बदलतो. मागे बारा तारांची अकूस्टिक गिटार डेव्ह मेसन वाजवतोय आणि बेस खुद्द हेंड्रिक्सनं वाजवलाय. ती अकूस्टिक नीट ऐक. तिच्यामुळेच वरचं वादळ जमिनीला धरून राहतं. पुढे १९७४ च्या दौऱ्यापासून डिलन स्वतःच हे गाणं हेंड्रिक्सच्या वळणानं वाजवू लागला. पण एवढ्यावरून पहिलं रेकॉर्डिंग हरलं असं मी मानत नाही. रात्री अकरानंतर, घर शांत असताना, ते एकदा मंद आवाजात लाव.

तर माझं माप हे आहे: कव्हरमध्ये गाण्यातला बोलणारा माणूस बदलला का? बदलला असेल तर नवा माणूस खरा वाटतो का? बाकी सगळं, पट्टी, लय, डिस्टॉर्शन (गिटारचा मुद्दाम फाडलेला आवाज), सोलोची लांबी, या एका गोष्टीची साधनं.

हे माप सगळ्यांत उघड दिसतं ते 'हर्ट'मध्ये. नाइन इंच नेल्स या अमेरिकन बँडचं मूळ गाणं १९९४ चं, 'द डाउनवर्ड स्पायरल' या अल्बमचं शेवटचं. बँडचा गायक ट्रेंट रेझ्नर तेव्हा तिशीच्या आतला. एका माणसाच्या कोसळण्याची गोष्ट तो अल्बमभर सांगतो आणि शेवटी हे येतं: गिटारमध्ये मुद्दाम ठेवलेले खटकणारे सूर, मागे खरखर, आणि अखेरीस कानठळ्या बसवणारा आवाज. अमेरिकेचा जुना कंट्री गायक जॉनी कॅश, त्यानं २००२ मध्ये तेच गायलं तेव्हा तो सत्तरीत होता, प्रकृती ढासळलेली, आवाज कापरा. निर्माता रिक रुबिन. खटकणारे सूर काढून टाकले, साध्या गिटारवर साध्या कॉर्ड, आणि पियानोचा एकच सूर हळूहळू जड होत जाणारा, घणासारखा. शब्दांत कॅशनं एकच बदल केला: मुकुटाच्या ओळीतला शिवीवजा शब्द काढून काट्यांचा मुकुट आणला. ख्रिश्चन माणसाच्या तोंडी तो शब्द आला आणि गाण्याचा सगळा रोख फिरला. तरुणाचं "मी सगळं घालवणार" हे म्हाताऱ्याचं "मी सगळं घालवलं" झालं. सूर थोडे, शब्द एक, पण माणूस पूर्ण वेगळा. १२ सप्टेंबर २००३ ला कॅश गेला. रेझ्नरनं स्वतः जाहीरपणे मान्य केलं की हे गाणं आता आपलं उरलेलं नाही. तरीही माझ्या विद्यार्थ्यांना मी मूळ रेकॉर्डिंग आधी ऐकायला लावतो. त्यातला खटका ऐकल्याशिवाय कॅशनं काय काढून टाकलं ते कळत नाही, आणि कव्हरमध्ये काय घातलं यापेक्षा काय काढलं हे बहुतेक वेळा जास्त बोलतं.

बोलणारा अक्षरशः बदलल्याचं उदाहरण तुमच्या बोटांखालीच आहे. गिटार शिकायला आलेला प्रत्येक मुलगा 'हाउस ऑफ द रायझिंग सन' वाजवतो. ए मायनर, सी, डी, एफ. ॲनिमल्स या इंग्लिश बँडचं १९६४ चं रेकॉर्डिंग आपण मूळ समजून बसलोय, पण ते लोकगीत आहे, आणि त्याआधी कित्येक जणांनी ते बाईच्या तोंडी गायलं होतं. डिलननंसुद्धा १९६२ च्या पहिल्या अल्बमवर ते बाईच्याच शब्दांत गायलं; त्यात जुगारी आहे तो तिचा प्रियकर. ॲनिमल्सनी बोलणारा पुरुष केला आणि जुगारी झाला बाप. हिल्टन व्हॅलेंटाइनची ती तुटक-तुटक चढणारी कॉर्ड आणि ॲलन प्राइसचा ऑर्गन आपल्या कानात इतका बसलाय की आधीची बाई आपल्याला दिसतच नाही. मूळ मूळ म्हणून आपण ज्याच्यासाठी भांडतो ते पुष्कळदा असं दुसरं किंवा तिसरं रूप असतं.

'द साउंड ऑफ सायलेन्स'चंही तेच. सायमन आणि गारफंकल यांनी १९६४ मध्ये ते नुसत्या गिटारवर गायलं, अल्बम पडला. १९६५ मध्ये निर्माता टॉम विल्सननं त्या दोघांना न विचारता त्यावर इलेक्ट्रिक गिटार, बेस आणि ड्रम चढवले आणि तेच जगभर वाजलं. मग डिस्टर्ब्ड या हेवी मेटल बँडच्या २०१५ च्या कव्हरची तुलना कुठल्या मूळाशी करायची? मी नुसत्या गिटारच्या रेकॉर्डिंगशी करतो. डिस्टर्ब्डचा गायक डेव्हिड ड्रेमन अगदी खालच्या सप्तकात, पियानोवर सुरू करतो. तो पहिला भाग मला मनापासून आवडतो. अंधाराशी बोलणारा एकटा माणूस तिथे आहे. पण पुढे व्हायोलिनांचा ताफा येतो, मोठे ढोल येतात, आवाज वरच्या सप्तकात जाऊन गर्जायला लागतो, आणि माझ्यापुरता तो माणूस हरवतो. गाणं माणसं एकमेकांशी बोलत नाहीत याबद्दलचं आहे. दोन पोरं हळू आवाजात एकत्र गातात तेव्हा ती गोष्ट अंगावर येते. मैदानाला उद्देशून गर्जना केली की ते भाषण होतं. माझे काही विद्यार्थी यावर माझ्याशी अजून भांडतात. भांडोत, पण त्यांनी दोन्ही ऐकून भांडावं.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगतो. जलद गाणं संथ करून, मागे एक पियानो ठेवून कुजबुजलं की ते आपोआप खोल होत नाही. 'मॅड वर्ल्ड' हे टिअर्स फॉर फिअर्सचं १९८२ चं सिंथेसायझरवरचं ठेक्याचं गाणं २००१ मध्ये मायकल अँड्र्यूज आणि गॅरी ज्यूल्स यांनी असं संथ केलं आणि ते खरंच लागलं, कारण शब्दांतलं एकटेपण ठेक्याखाली दबलं होतं. पण तिथून ती एक सवयच पडली. शब्दांखाली दबलेलं काही नसेल तर लय निम्मी करून फक्त वेळ दुप्पट लागतो.

लयीचं मात्र हलकं समजू नका. बीटल्सचं 'विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स' १९६७ चं. ते गाणाऱ्या ड्रमर रिंगोच्या आवाजाचा पल्ला बघून लेनन-मॅकार्टनीनं चाल मोजक्या सुरांत बांधली होती, ठेका सरळ चारचा, आपल्या भाषेत केरव्याच्या घरातला. जो कॉकरनं १९६८ मध्ये तेच दादऱ्याच्या चालीत नेलं. चारच्या जागी तीन. एवढ्यानं प्रत्येक शब्दाला झोका मिळाला, दोन शब्दांमध्ये किंचाळायला जागा मिळाली. रिंगोचा माणूस दोस्तांबरोबर कट्ट्यावर बसलाय. कॉकरचा माणूस दोस्त नसतील तर बुडणार आहे. आम्ही एकदा एका स्नेहसंमेलनात कॉकरचं रूप घेतलं होतं. ड्रमरनं आदल्या रात्री घरी बीटल्सचं रेकॉर्डिंग ऐकून ठेका पक्का केला होता, गायक कॉकरचं ऐकून आला होता. दुसऱ्याच ओळीला तीन आणि चार एकमेकांवर आदळले आणि गाणं थांबवावं लागलं. भर सभागृहात. तेव्हापासून सरावाला बसताना आम्ही आधी ठरवायचो की सगळ्यांनी कुठलं रेकॉर्डिंग ऐकून यायचं. तुम्हीही ठरवा.

तुलना करायची रीत आता. दोन रेकॉर्डिंगांचा आवाज कानाला सारखा करून घ्या, कारण नव्वदच्या दशकानंतरची बरीच रेकॉर्डिंग मुळातच चढ्या आवाजात तयार केलेली असतात आणि कानाला मोठं तेच चांगलं वाटतं. अर्धा वाद इथेच मिटेल. मग दोन्ही गाणी एका साध्या अकूस्टिक गिटारवर, शक्यतो एकाच पट्टीत, स्वतः गाऊन बघा. जे उरतं ती चाल, जे गळून पडतं ते वादन. डिलनच्या गाण्यातलं बहुतेक उरतं, हेंड्रिक्सच्या गाण्यातलं निम्मं गळतं, आणि ते गळलेलं निम्मंच त्याचं काम आहे. शेवटी प्रत्येकानं एका वाक्यात लिहा: या रेकॉर्डिंगमध्ये बोलणारा माणूस कोण, त्याचं वय काय, तो कुणाशी बोलतोय. पाच जणांची पाच वाक्यं समोर आली की वाद जास्त चांगला होतो. आणि एक कबूल करा: जे रूप आपण आधी ऐकतो ते आपल्याला मूळ वाटतं. निर्व्हाना बँडनं नोव्हेंबर १९९३ मध्ये 'एमटीव्ही अनप्लग्ड' या अकूस्टिक कार्यक्रमात डेव्हिड बोवीचं 'द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड' वाजवलं, आणि माझ्या वर्गातली निम्मी पोरं अजून ते निर्व्हानाचा गायक कोबेन याचं गाणं समजतात. बोवीचं १९७० चं रेकॉर्डिंग ऐकवलं की म्हणतात, "सर, हे कव्हर जरा विचित्र आहे." रिफ (गिटारचा परत परत येणारा तुकडा) जवळपास तोच आहे. बोवीचा आवाज परग्रहावरून आल्यासारखा, कोबेनचा शेजारच्या खोलीतून.

आता तुमचं 'नॉकिन ऑन हेवन्स डोअर'. तुम्ही बहुधा गन्स अँड रोझेसचं १९९१ चं रूप ऐकून बसवताय, साडेपाच मिनिटांचं, प्रेक्षकांकडून ध्रुवपद म्हणवून घेता येतं ते. ते वाजवायला मजा येते, नाही म्हणत नाही. पण डिलननं हे १९७३ मध्ये 'पॅट गॅरेट अँड बिली द किड' या चित्रपटासाठी लिहिलं, आणि पडद्यावर तेव्हा एक म्हातारा शेरीफ गोळी लागून नदीकाठी मरत असतो. त्याची बायको जवळ असते. गाणं त्या माणसाचं आहे: हा बिल्ला काढून घे, डोळ्यांपुढे अंधार येतोय. अडीच मिनिटं. जी, डी, ए मायनर, मग जी, डी, सी. मैदानातल्या रूपात तो मरणारा माणूस दिसेनासा होतो, त्याच्या जागी हजारो जण हात वर करून गात असतात.

म्हणून हलगीचा प्रश्न मला जवळचा वाटला. आपल्याकडे हलगी जत्रेत वाजते, खासबागेत कुस्तीला वाजते, मिरवणुकीत वाजते. आणि अंत्ययात्रेतही वाजते. तुमच्या डोक्यात कुठली हलगी आहे? कुस्तीची, अंगात वारं भरणारी असेल तर या गाण्यात घालू नका. ती मरणाऱ्या माणसावर गुलाल टाकल्यासारखी होईल. पण शेवटच्या वाटेवरची, ठाय लयीतली, दोन घावांमध्ये चालणाऱ्यांची पावलं ऐकू येतील इतकी जागा ठेवणारी हलगी असेल, तर जरूर घाला. मग ते कोल्हापूरच्या पोरांनी उमजून घेतलेलं गाणं होईल.

सँटानाचं 'ब्लॅक मॅजिक वुमन' ऐका. मूळ फ्लीटवुड मॅकचं, पीटर ग्रीननं लिहिलेलं, १९६८ चं. सँटानानं १९७० मध्ये त्यात कोंगा आणि टिंबाले आणले, पण ते वरून शिंपडले नाहीत. ड्रम, बेस, ऑर्गन, सगळे त्या तालवाद्यांभोवती नव्यानं बसवले. तुम्हीही तसंच करा. हलगीचा आवाज धारदार, स्नेअर ड्रम आणि डिस्टॉर्शनवाली गिटार जिथे असते नेमक्या त्याच जागेत घुसणारा. तिघं एकदम वाजले तर गायकाचा एक शब्द कळणार नाही. पहिल्या कडव्यात ड्रमरला काठ्या खाली ठेवायला सांगा. नुसती अकूस्टिक, बेस आणि हलगी. ध्रुवपदात ड्रमरनं फक्त बेस ड्रम द्यावा, स्नेअर नको. गिटारचं डिस्टॉर्शन शेवटच्या ध्रुवपदापर्यंत राखून ठेवा, आणि तेव्हाही सोलो लांबवू नका. ऑक्टोपॅडवरची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पॅडवर वाजवलेली हलगी घेऊ नका. प्रत्येक घाव सारखाच पडतो आणि मरणाऱ्या माणसाचा श्वास सारखा नसतो. वस्तीतला खरा हलगीवाला बोलवा, त्याचं मानधन आधी ठरवा, त्याला डिलनचं रेकॉर्डिंग ऐकवा आणि गाण्यात काय घडतंय ते मराठीत सांगा. कुठला ठेका घ्यायचा ते तो तुम्हाला सांगेल, तुम्ही त्याला सांगू नका.

आणि पावसाळी हवा असेल तर कातडं लगेच उतरतं. हलगी तापवायची सोय रंगमंचामागे कुठे करता येईल ते आदल्या दिवशीच जाऊन बघून या.